बाबांच्या तीन चाचण्या

“माणूस ओळखायला मला चाचणीबिचणी लागत नाही! दारातून आत येतानाच सांगतो, कोण कसा आहे ते!” असं छातीठोकपणे सांगणाऱ्या भरती अधिकाऱ्याच्याच गळ्यात साहेबांनी तीन व्यक्तिमत्त्व चाचण्या मारल्या. आता बोला! एक चाचणी माणसाला रंग देई, दुसरी प्राणी, तिसरी नुसता आकडा. तिन्हींतली खरी कोणती, ते सोमवारी सांगायचं होतं.

स्वारीने शक्कल लढवली. तराजू तपासायचा तर त्यात माहीत असलेलं वजन टाकावं! आणि त्याला जन्मापासून माहीत असलेलं वजन म्हणजे बाबा. बस चालवून निवृत्त झालेले, अबोल, एकलकोंडे. त्यांना शांतता मिळावी म्हणून तर त्याने शहराच्या टोकाला वेगळी खोली घेतली होती. उद्या बाबांचं सामान तिकडे हलणार होतं.

बाबांनी चष्मा पुसून इमानेइतबारे खुणा केल्या. निकाल आले. नारिंगी, डॉल्फिन आणि सात!

“म्हणजे काय हो?” बायकोने विचारलं.

“म्हणजे तिन्ही भंगार! रंगवाली म्हणते, गप्पिष्ट. प्राणीवाली म्हणते, कळपाशिवाय करमत नाही. आकडेवालीने तर कहर केला, म्हणे एकटा पडला की कोमेजतो! आपले बाबा?”

“अहो, पण तिघी एकमेकींना न विचारता एकच सांगतायत ना!”

तो तणतणत बाबांच्या खोलीत गेला. बाबा पेटीत सदरे भरत होते.

“बाबा, ‘माणसांत आनंद वाटतो’ला तुम्ही ‘हो’ लिहिलंत?”

“हो.”

“मग बोलत का नाही कधी?”

“अरे, अख्खी नोकरी डोक्यावर पाटी होती, ‘चालकाशी बोलू नये’. निवृत्त झालो, तरी घरात ती कुणी काढलीच नाही.”

“आणि वेगळ्या खोलीला हो कशाला म्हणालात?”

“मला वाटलं, तुम्हाला मोकळीक हवी असेल.”

त्याला भडभडून आलं. त्याने पेटीतले सदरे काढून परत कपाटात लावायला घेतले. बाबांनी घाटात ब्रेक निकामी झाल्याची गोष्ट सुरू केली, ती जेवणं आटोपली तरी बस काही घाट उतरेना! आणि खोली? ती सोडल्याचं त्याने जेवता जेवताच मालकाला कळवलं.

मग बायकोने त्यालाच तिन्ही चाचण्या सोडवायला बसवलं. तिन्हींनी एकमुखाने कौल दिला, ‘माणसांची उत्तम पारख!’

स्वारीची कॉलर ताठ झाली. बायकोने बाबांकडे पाहिलं, बाबांनी सुनेकडे.

“साहेबांना कळवून टाका,” ती म्हणाली, “तिन्ही नापास!”