पहिल्या थरातला वारा

या, असे जवळ सरकून बसा. कोलकात्यातल्या डमडमच्या दत्तात्रयकाकांनी ताशी एकशे चाळीसच्या वाऱ्याला कसं धुडकावलं, ती कथा आज ऐकवायची आहे.

काका बँकेतून निवृत्त. अकरा वर्षं घोकलेलं कीर्तन त्या संध्याकाळी प्रथमच माणसांसमोर, इमारतीच्या गच्चीवर व्हायचं होतं. दुपारी सॉल्ट लेकच्या ऑफिसातून सुनेचा, मधुवंतीचा फोन आला. हवामानाचं संगणक-मॉडेल चालवणं हे तिचं काम.

"बाबा, गच्चीवर नको. मॉडेल एकशे चाळीसचा वारा दाखवतंय."

"दाखवू दे. नारदमुनी हवामान विचारून निघायचे का?"

"पागोटं उडेल तुमचं."

"हनुवटीखाली गाठ मारीन."

पण बातमी इमारतभर झाली. सेक्रेटरी सोमेनबाबूंनी गच्ची बंद असल्याचं जाहीर केलं आणि फोन घरीच ठेवून स्वतः कुंड्या बांधायला वर गेले.

"गच्ची त्यांची, जिना देवाचा," म्हणत काका चौथ्या मजल्याच्या वळणावर उभे राहिले. पेटी वाजली तशी मराठी घरं आली, मागोमाग बंगाली शेजारी. पायऱ्या थेट गच्चीच्या दारापर्यंत भरल्या. दार आत उघडणारं. त्यालाच शेजारच्या चैत्रालीवहिनी पाठ टेकून बसल्या.

पूर्वरंग संपतोय तोच मधुवंती धापा टाकत आली.

"बाबा, चुकलं माझं. जुनं मॉडेल हवेचे थर जमिनीपासून मोजायचं. सोमवारी बसवलेलं नवं वरून मोजतं. मी सवयीने पहिला थर वाचला, तो निघाला तीस किलोमीटर उंचीवरचा. इथं काही नाही. चला गच्चीवर."

"आता हलणार नाही. गोधड्या रचताना खालची पहिली, काढताना वरची पहिली. एवढं तुमच्या ऑफिसात आधी ठरवून घ्या. बैस खाली."

कीर्तन दोन तास रंगलं. आरतीला वहिनी उठल्या आणि दार उघडलं. सोमेनबाबू घामाने निथळत उभे, हातात सुतळी.

"दो घंटे से दरवाजा पीट रहा हूँ."

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं पखवाज पाठीत भिनतोय."

"ठेका अच्छा था, दादा," काका म्हणाले.

मधुवंती पुढे सरकली. "ऊपर हवा कैसी थी?"

"कौन सी हवा? एक पत्ता नहीं हिला."

तिने तेवढं फोनमध्ये नोंदवून घेतलं.

कथा एवढीच. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा सोमेनबाबूंची आठवण असू द्या. काकांच्या पहिल्या कीर्तनाला साथ त्यांची होती, आणि श्रोत्यांत जागा मात्र मिळाली नाही.