साहेबांचा जबाब

"सव्वीस वर्षं लोकांना गप्प बसवलं, आणि आता म्हणे बोलतं करा!" हवालदार शेजारच्या अँब्युलन्स ड्रायव्हरच्या कानाशी कुरकुरला.

"गप बसा. प्रमाणपत्र नाही, तर बढती नाही," ड्रायव्हर म्हणाला.

पोलीस ठाण्याच्या हॉलमध्ये पोलीस, अग्निशमन आणि अँब्युलन्सवाल्यांचं प्रशिक्षण चाललं होतं. विषय, मनानं खचलेल्या माणसाशी कसं बोलावं. शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी फळ्यावर ठळक लिहिलं होतं, 'जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारा.' सकाळपासून ते वाक्य एकानंही मोठ्यानं वाचलं नव्हतं. सगळे फळ्याच्या कडेला बघत होते.

बाई नवीन. कुणाचा हुद्दा काय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सरावासाठी त्यांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि सहज डोकावायला आलेल्या मोठ्या साहेबांसमोरही टोपी धरली. साहेबांच्या वाट्याला 'खचलेला माणूस' आला. 'मदत करणारा' निघाला हवालदाराच्या हातात. त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"करा सुरू," साहेब खुर्चीत बसले. बाईंनी त्यांच्या हातात भूमिकेचा कागद दिला.

हवालदारानं खाडकन सॅल्यूट ठोकला.

"अहो, खचलेल्या माणसाला सॅल्यूट काय करताय?" बाई म्हणाल्या.

"चहा सांगू का, साहेब?"

"चहा नको. बोला त्यांच्याशी!"

मग घाबरलेला माणूस करतो तेच हवालदारानं केलं, रोजचं काम. वही काढली आणि उभ्या उभ्या जबाब घ्यायला लागला.

"त्रास कधीपासून?"

"तीन महिने."

"वेळ?"

"सकाळी. बूट घालताना. एक घालून होतो, दुसरा हातात तसाच राहतो."

"साक्षीदार?"

"कोणी नाही. बायकोला वाटतं, कंबर धरलीय."

हॉलमध्ये खसखस पिकली. "साहेबांनी नाटकात जायला हवं होतं!" ड्रायव्हर खिदळला.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "कागदावर दुकान जळालेला व्यापारी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "बूट कुठून आले?"

साहेबांच्या हातातल्या कागदाची घडीसुद्धा उलगडलेली नव्हती.

हसू जिथल्या तिथे विरलं. कुणीतरी खोकलं. अग्निशमनचा जमादार, जळत्या घरात बेधडक घुसणारा गडी, एकदम टाळ्या वाजवायला लागला. "झाली ना वेळ? मस्त झालं!" सगळ्यांनी सुटल्यासारख्या टाळ्या पिटल्या. साहेबही हसल्यासारखं करत उठले, टोपी घातली, कमरेचा पट्टा वर ओढला. पट्ट्याला पिस्तूल होतं.

हवालदारानं पिस्तुलाकडे पाहिलं, मग फळ्यावरच्या वाक्याकडे. विचारलं आणि खोटं निघालं, तर बढती राहिली बाजूला, बदली पक्की. आणि नाही विचारलं, तर उद्या सकाळी साहेब पुन्हा एकटेच बूट घालायला बसणार.

"साहेब, जबाब पुरा व्हायचाय."

"नंतर बघू."

"नाही. बसा."

आपल्या तोंडून हे निघालं यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. साहेब बसले. मग नोकरीत पहिल्यांदाच, परवानगी न घेता, त्यानं त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि वही मिटली.

"साहेब... जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

टाळ्या थांबल्या.

साहेबांनी पट्टा सोडला, पिस्तुलासकट हवालदाराच्या मांडीवर ठेवला.

"वाटतं," ते म्हणाले. "इतका वेळ का लावलात विचारायला?"