भास्करभाऊजींचं कपाळ

आमच्या समोरचे भास्करभाऊजी रोज सकाळी आईच्या हातचं गंध लावून घराबाहेर पडतात आणि टावर चौकाच्या आधीच स्कूटर थांबवून ते पुसून टाकतात. ओल्या रुमालानं, तवा घासावा तसं घासून. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. भाजी घेताना माझं लक्ष चौफेर असतं, त्याला माझा इलाज नाही.

भाऊजी सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर बसतात. आमच्या उज्जैनात निम्मी कचेरी कपाळभर त्रिपुंड ओढून येते, हे एकटेच कोरे. मनगटावर आईनं बांधलेला लाल धागा दिसू नये म्हणून भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट! विचारलं की ठरलेलं उत्तर, "माथा साफ, तो काम साफ, वहिनी."

स्वभाव महासंशयी. कुणी ठसठशीत टिळा लावून "जय महाकाल, अपनेवाले हैं" म्हणाला, की त्याचे कागद दोनदा तपासलेच. जाळीच्या टोपीवाल्यानं "अपने ही मोहल्ले के हैं, भाईजान" म्हटलं तरी तेच. भाच्याच्या दाखल्यासाठी मी गेले, तर माझ्या कुंकवाकडे असं बघितलं, जशी काही मी लाचच कपाळाला चिकटवून आणली होती!

"एवढं काय हो भाऊजी?" मी चिडलेच.

"वहिनी, एकदा माझा टिळा बघून एक बुरख्यातली म्हातारी रांगेतून निघून गेली. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तिला वाटलं असेल, इथे आपलं काम होणार नाही. त्या दिवसापासून पुसतो."

मला पटलं? छे! कारण हाच माणूस संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी स्कूटरच्या आरशात तोंड बघत उभा. वय पंचावन्न, लग्न नाही, घरी फक्त आई, आणि आरसा कशाला? दाल में जरूर कुछ काला है, असं मी आमच्या ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, "तुला काय करायचंय?" म्हणून मी स्वतःच गेले बघायला.

भाऊजी डबीतलं गंध पाण्याच्या थेंबात कालवून कपाळाला लावत होते. मला बघून चेहरा पांढराफटक.

"आईला बोलू नका हो, वहिनी. दादा गंध न लावता गेला, त्याच दिवशी ट्रकखाली आला. आईनं तेवढंच धरून ठेवलंय. दिसत नाही तिला आता, दारात बोटानं माझं कपाळ चाचपते. मी पुसतो हे कळलं तर घाबरूनच मरेल ती."

मी शपथ घातली स्वतःला. पण गेल्या आठवड्यात मी भाऊजींच्या आईकडे, आमच्या काकूंकडे, मेथी निवडत बसले होते आणि फोन आला. कचेरीतल्याच कुणाचा तरी, नाव सांगितलं नाही. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आलं, "माताजी, आपका बेटा रोज टीका पोंछता है. समझाइए उसको." मेल्याचं मढं!

"काकू, साफ खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं कशाला गं?" काकू शांतच. "सकाळचं गंध संध्याकाळी बोटाला ओलं लागतं का कधी? मला केव्हाचं ठाऊक आहे."

"मग बोलला नाहीत?"

"आधी फार भ्याले. तो येईपर्यंत दारात बसून राहायचे, घास उतरायचा नाही. पण अडवलं असतं तर त्याला रोज त्या खिडकीवर मोकळ्या मनानं बसता आलं नसतं गं." मग म्हणाल्या, "दुसरं कोण आहे त्याला? माझ्यासाठी भर रस्त्यात उभा राहून गंध लावतो, एवढं पुरे मला."

बाहेर स्कूटर थांबली. काकू भिंत धरत दारात गेल्या. भाऊजी वाकले, कपाळ पुढे केलं. काकूंनी बोट फिरवलं आणि ओलं बोट हळूच पदराला पुसलं.

"राहिलं हो दिवसभर," त्या म्हणाल्या. "ये, चहा ठेवते."

भाऊजींनी आत येऊन माझ्याकडे रोखून बघितलं. "वहिनी, रडताय का? काय झालं?"

"मेथी कडू आहे," मी म्हटलं.