खिडकीजवळच्या बाकाचे बक्षीसपत्र

"एकही तक्रार येणार नाही, मॅडम! आली तर माझं नाव स्वरूपा नाही!"

लासुर्ण्याच्या स्वरूपाने प्राचार्य मनिषा मॅडमना हे वचन दिले, तेव्हा बारावीचा निरोप समारंभ नऊ दिवसांवर आला होता. मागच्या वर्षी एका मुलीच्या उंचीवर फिशपाँड पडला आणि दुसऱ्या दिवशी तिचे सगळे चुलते एकाच ट्रॅक्टरमधून कॉलेजच्या फाटकात उतरले. तेव्हापासून मॅडमनी थट्टेला फाटकाबाहेरच उभे केले होते. यंदा त्यांची अट साधी होती. एक जरी तक्रार आली तर गमतीचा कार्यक्रम रद्द. दोन भाषणे, एकेक केळे, आणि घरी!

केळे खाऊन निरोप घेण्याची स्वरूपाची मुळीच तयारी नव्हती. जाणारा वर्ग मागे राहणाऱ्यांना काय काय देऊन जातो, त्याची यादी तिने तयार केली होती. गणिताच्या मानसिंग सरांचे 'हे तर अगदी सोपं आहे' हे वाक्य अकरावीला. दोन वर्षांत हरवलेल्या डब्यांची बारा झाकणे शिपाई माऊली मामांना. आणि खिडकीजवळचा शेवटचा बाक अकरावीतल्या छकुलीला.

यातली शेवटची देणगी थट्टेची नव्हती. त्या बाकावरून वळणावरची धूळ दिसे, आणि धूळ दिसली की पाच दहाची यष्टी आली असे समजायचे. दप्तर भरून धावणाऱ्याला ती मिळे. ज्याला ती दिसत नसे त्याला दीड तास थांब्यावरच्या बाभळीशी गप्पा माराव्या लागत. स्वरूपाने दोन वर्षे त्या बाकाच्या जोरावर यष्टी पकडली होती. कळस गावची छकुली मात्र भिंतीकडेला बसे, कुणाला 'सरक' म्हणण्याचे तिला धाडस होत नसे, आणि आठवड्यातून दोनदा तरी तिची यष्टी चुके. तो बाक तिला मिळालाच पाहिजे, असे स्वरूपाने मनाशी पक्के केले होते.

यादी तिने आजोबांना दाखवली. आबाजींनी चाळीस वर्षे इंदापूरच्या कचेरीत साऱ्या गावाचे कागद नेले-आणले होते. चष्मा चढवून त्यांनी मथळा वाचला आणि त्यांच्या कपाळावर पाटपाण्याच्या सऱ्या पडल्या.

"बारावीचे मृत्युपत्र? अगं, ते देणारा मेल्यावर लागू हुतं. तुमी तर चांगली धडधाकट हाय!"

"मग काय म्हणू, आबा?"

"बक्षीसपत्र. सही झाली की तितंच लागू. बाक तिचा, तुझा हक्क संपला. आन् फळ्यावर नोटीस लाव. कुणाची हरकत असंल तर आठ दिसांत लेखी द्या म्हणावं. उद्या भानगड नगं."

भानगड नको, एवढेच स्वरूपाने ऐकले. हरकत घेण्याची संधी आधीच दिली तर मागाहून तक्रार येणार कुठून? या विचाराने तिचा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस लागली.

दुपारपर्यंत सात हरकती आल्या. संध्याकाळपर्यंत एकवीस! इंदापूर तालुक्यातल्या लेकरांना हरकतीचा अर्ज कसा लिहितात हे शिकवावे लागत नाही. बांधावरच्या भांडणांतून ते त्यांच्या कानी आलेले असते. एका अर्जाला तर बाकाचा चतुःसीमा दाखवणारा नकाशा जोडला होता.

मॅडमनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मी एक म्हणाले होते, स्वरूपा."

"मॅडम, ह्या आपण मागवलेल्या आहेत."

"तक्रारी मागवतं का कुणी? माऊली, केळ्यांची ऑर्डर द्या!"

"मॅडम, एक सुनावणी घ्या!" स्वरूपा दारातून हलेना. "एक जरी असमाधानी राहिला, तर केळी मी स्वतः वाटीन."

शनिवारी शिक्षकांच्या खोलीत सुनावणी बसली. आबाजी इस्त्रीची टोपी घालून, काखेत फाईल धरून आले. किरकोळ हरकती त्यांनी तंबाखू मळता मळता निकालात काढल्या. मग माऊली मामा उठले.

"झाकणं मला नगं. डबं कुठंयत? पोरं उद्या म्हणतील, डबं मामानंच ढापलं!"

"झाकणांसंगं निर्दोष असल्याचा दाखला देऊ," आबाजी म्हणाले.

"फ्रेम करून?"

"फ्रेम करून!" स्वरूपाने लिहून घेतले.

मानसिंग सर शांतपणे उभे राहिले. त्यांच्या हातात सराव परीक्षेचे पेपर होते.

"ते वाक्य माझं आहे. जे तुमच्या नावावर नाही, ते तुम्ही दुसऱ्याला कसं देता?"

आबाजींनी टोपी काढून डोके खाजवले. "पोरी, मास्तरांचं बराबर हाय. ज्येच्या नावावर सातबारा, त्येचीच मालकी."

वाक्य सरांकडे तहहयात राहिले. सर समाधानाने बसले, आणि का कोण जाणे, पेपरांतला एक वर काढून त्याकडे पाहत राहिले.

शेवटची हरकत अकरावीतल्या समर्थची. नकाशा त्याचाच होता.

"त्या बाकावर आधी माझा भाऊ बसायचा, त्याच्या आधी चुलतभाऊ. वहिवाट आमची हाय!"

वहिवाट म्हटल्यावर आबाजीही सावरून बसले.

"का रं, तुला यष्टी लागती व्हय?"

"न्हाय. गाडी हाय माझ्याकडं."

"मग खिडकीतनं काय बघतुस? स्वतःची गाडी?"

समर्थ लाजला, पण हटला नाही. "ठीक हाय. पण छकुली कुणाला ऊठ म्हणणार न्हाय. चार दिसांत दुसरंच कुणीतरी बसंल. मग कागदाला काय अर्थ?"

कोपऱ्यात उभी असलेली छकुली खाली मान घालून ओढणीचे टोक पिळू लागली. कारण बोलणे खरे होते. स्वरूपाने पेन उचलले.

"कलम लिहिते. छकुलीशिवाय या बाकावर जो कुणी बसेल, त्यानं तिला त्याच दिवशी ओली भेळ द्यायची. तिनं फक्त कागद दाखवायचा, बोलायचं काही नाही!"

"कुणीही बसलं तरी?" मानसिंग सरांनी पेपरावरून नजर न काढता विचारले.

"कुणीही, सर! कलम म्हणजे कलम. सवलत नाही!"

मॅडमनी शिक्का मारला. समारंभात बक्षीसपत्राचे वाचन झाले. मामांनी दाखला छातीशी धरून फोटो काढला, मॅडमही हसल्या, आणि केळी तरीही वाटली गेली, कारण ऑर्डर परत घेतली जात नाही.

मग परीक्षा झाली. मग निकाल लागला.

जूनमध्ये मानसिंग सरांनी पुरवणी परीक्षेला बसणाऱ्यांसाठी सकाळचा वर्ग सुरू केला. स्वरूपाला गणितात एकोणतीस गुण होते. पहिल्या दिवशी ती मान खाली घालून आली आणि सवयीने, काही न पाहता, खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी उभे असल्याचे तिला जाणवले. छकुली होती; आता बारावीत. सकाळच्या यष्टीने लवकर आली होती. तिने दप्तर उघडले आणि लॅमिनेट केलेला एक कागद काढून बाकावर ठेवला. बोलली काहीच नाही. फक्त कलमाखाली बोट ठेवले.

स्वरूपाने कागद वाचला. अक्षर तिचेच होते. सहीही तिचीच.

"सर," ती फळ्याकडे पाहत काकुळतीने म्हणाली, "देणाऱ्यालापण लागू होतं का हो हे?"

मानसिंग सरांनी खडू खाली ठेवला. आजवर कुणालाही न पटलेले ते वाक्य त्यांनी हक्काने उच्चारले.

"हे तर अगदी सोपं आहे!"

स्वरूपा उठली, दप्तर काखेत मारले आणि भिंतीकडेच्या बाकाकडे निघाली.

"छकुले," ती जाता जाता खिडकीसमोरच थबकून म्हणाली, "कांदा घालायचा ना?"

"घाला की, ताई," छकुली पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली. "आन् सरका जरा. मला वळण दिसंना."