काशीबाईंची मान्य चाल

"माझी चाल कागदार उतरव नको गो," काशीबाईंनी अगदी सुरुवातीलाच बजावलं होतं. "उद्या माझो गुडघो बरो झालो, तर तुझो कागद खोटो पडतलो."

"आई, तुमचो गुडघो खंय इतक्यात बरो होता?" असं म्हणून दीपिका हसली, तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि सासूबाईंना ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं.

दीपिका निष्काळजी बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. उलट, काळजी हा तिचा पूर्णवेळ व्यवसाय होता. तीन वर्षांची रिया शिंकली, की घरातल्या पंख्याचा वेग बदले. तापाचं औषध ती ड्रॉपर उजेडाकडे धरून थेंबाथेंबाने मोजी. नवरा सुदेश मालवाहू जहाजावर, त्यामुळे त्याच्या वाटची काळजीही हिलाच करावी लागे. विद्यापीठाच्या ॲनिमेशन व व्यंगचित्रकला विभागात तिने नाव घातलं तेही याच पोटी. पदवी मिळाली की कार्टूनची कामं घरबसल्या करता येतात, म्हणजे लेक नजरेआड व्हायला नको.

विभाग काटेकोर होता. हल्ली संगणक वाटेल त्याला चालवून दाखवतो. तेव्हा विद्यार्थ्याने चितारलेली चाल खऱ्या माणसाचीच आहे, याची खात्री पटावी म्हणून विद्यापीठाने पडताळणीची पद्धत बसवली होती. विद्यार्थ्याने एक जिवंत माणूस निवडायचा, त्याची चाल चित्रामागून चित्र काढून मंजूर करून घ्यायची. ती झाली 'मान्य चाल'. मग अंतिम परीक्षेला त्या माणसाने स्वतः हजर राहून, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, हुबेहूब तसंच चालून दाखवायचं.

काशीबाईंची चाल एका फटक्यात मंजूर झाली. उजवा पाय अर्धं वर्तुळ काढून पुढे येई, डावा खांदा खाली जाई, त्यामागोमाग अंबाडा. भरतीच्या पाण्यात नांगरलेल्या होडीसारखी सगळी बाई एकदा इकडे, एकदा तिकडे. दीपिका परीक्षेसाठी करत असलेल्या कार्टून फिल्ममध्ये ही आजी बांगडा पळवणाऱ्या बोक्यामागे धावणार होती.

"अप्रतिम," मार्गदर्शक प्राध्यापक कौस्तुभ परुळेकर म्हणाले. "या गुडघ्याला व्यक्तिमत्त्व आहे."

हे कौतुक घरी पोचलं तेव्हा काशीबाई बांगडेच साफ करत होत्या. "व्यक्तिमत्त्व खंयचा? त्यातला वंगण संपलाहा."

सुदेशने जहाजावरून फोनाफोनी करून गोव्यातल्या एका हॉस्पिटलात गुडघा बदलायची तारीख मिळवली. ती जूनमधली. परीक्षा मेअखेर. सगळं जागच्या जागी बसत होतं, म्हणूनच दीपिकाला धाकधूक वाटत होती. परीक्षा जूनमध्ये ढकलली गेली, तेव्हा ती धावतच विभागात गेली.

"सर, सासूबाईंचं ऑपरेशन आहे. त्यानंतर त्या सरळ चालायला लागतील."

परुळेकर सर गंभीर झाले. "हा मान्य आराखड्यातला मूलभूत बदल आहे."

"पण त्यांना फार दुखतं."

"विभागाला सहानुभूती आहे. पण बरं होण्याची तरतूद नियमावलीत नाही. मृत्यूची आहे. तशा प्रसंगी दुसरा माणूस घेता येतो. बरं झाल्यास मात्र पहिल्या वर्षापासून नव्याने प्रवेश."

दीपिकाने हे घरी जरा मऊ करून सांगितलं. काशीबाईंना मऊ केलेलं कळत नसे, त्या मूळ गाभ्यालाच हात घालत.

"म्हणजे मरान दाखवूक होया. थांब, चाय पियान मगे बघतंय."

ऑपरेशन पुढे ढकललं. परीक्षाही ढकलली. कारण 'तांत्रिक' असं कळवण्यात आलं. ते तंत्र मालवणात कुणालाही समजण्यासारखं होतं. परीक्षक मुंबईचे, सुरमईचे भोक्ते. जून-जुलैत मासेमारीला समुद्र बंद. समुद्र उघडला, तोवर साहेबांनी स्वतः श्रावण धरलेला. श्रावण सुटला आणि दारात चतुर्थी. चतुर्थीत कोकणात परीक्षा घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हॉस्पिटलने मधे आणखी एक तारीख दिली, तीही गेली.

"एकदाची परीक्षा होवंदे आई, मगे लगेच जावया," दीपिका दरवेळी म्हणे.

"होवंदे गो. शिक्षण महत्त्वाचा," काशीबाई म्हणत आणि भिंतीला धरून उठत.

अडचण एवढीच होती, की गुडघा कुणासाठी थांबत नव्हता. काशीबाईंनी काठी घेतली. परुळेकर सरांनी ती बघितली आणि मान हलवली. मान्य चालीत काठी नव्हती. बरं, दुखण्याची अख्खी गोळी दिली, की काशीबाई चक्क सरळ चालत. म्हणजे चाल बाद. गोळी दिलीच नाही, तर त्यांना उठवेना. म्हणजे माणूसच बाद. बऱ्याच प्रयोगांती दीपिकाला असं आढळलं, की अर्धी गोळी दिली तर दुखणं बरोब्बर मंजूर पातळीवर राहतं. मग ती गोळी ब्लेडने चिरू लागली. रियाचे थेंब मोजी, त्याच निगुतीने. सरांनी या शोधाचं वर्गात कौतुक केलं आणि त्याला 'वेदना-समायोजन' असं नाव दिलं.

चतुर्थीनंतर परीक्षक आले. आधी सुरमई जेवले, मग विभागाच्या लांबलचक व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. अर्धी गोळी घेतलेल्या काशीबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. पोरं हसली. शिपाई हसला. परीक्षक तर डोळे पुसून पुसून हसले.

"तंतोतंत," ते म्हणाले. "फक्त किंचित अतिशयोक्ती वाटते. खरी माणसं इतकी वाकडी चालत नाहीत."

काशीबाई बाकावर टेकल्या होत्या. "तर मगे मी खोटी, साहेबानु. पण तिका मार्क देवा."

मार्क मिळाले, पहिला वर्ग मिळाला, फिल्म विभागाच्या समारंभात दाखवली गेली आणि तिथून फोनाफोनांतून गावभर फिरली. बाजारात मासळीवाल्या काशीबाईंना म्हणू लागल्या, "काशीबाय, जरा चलान दाखव गो." त्या दाखवत. घरी मात्र पेढे वाटायचे होते, सुदेशच्या बोटीवरून व्हिडिओ कॉल यायचे होते, नवी कामं सुरू व्हायची होती. हॉस्पिटलला फोन तेवढा राहून गेला.

मग एका सकाळी फाटकाकडून विहिरीकडे येताना रियाचा उजवा पाय अर्धं वर्तुळ काढून पुढे आला.

दीपिकाच्या हातातला तांब्या खाली पडला. गाऊनवर ओढणी टाकून, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून ती लेकीला रिक्षातून थेट मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रियाला चालवलं, गुडघा दाबला, घोटा वळवला, पुन्हा चालवलं.

"पाय ठणठणीत आहे. ही कुणाची तरी नक्कल करतेय," ते म्हणाले. "पण ज्यांची करतेय, त्यांना फार दुखत असणार. हिचं तुम्हांला कधी लक्षात आलं?"

"आत्ताच. अर्ध्या तासापूर्वी."

"आणि त्यांचं?"

दीपिकाने रियाला कडेवर उचलून घेतलं. "परीक्षा होती," ती म्हणाली.

दवाखान्याच्या पायरीवर बसूनच तिने गोव्याला फोन लावला. जवळात जवळची तारीख आता शिमग्यानंतरची होती. घरी येऊन तिने ती सांगितली, तेव्हा काशीबाई म्हणाल्या, "आणि तुझो कागद?"

"पडांदे खोटो," दीपिका म्हणाली, आणि गोळी अख्खी दिली.

आपण इथवर वाचलंत, मधे एकदोनदा हसलातही असाल. काशीबाईंच्या चालीला सगळेच हसतात. आता एक करा. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याचं पाऊल तुम्ही मान वर न करता ओळखता. आत्ता ते माणूस स्वयंपाकघराकडे निघालं असेल. त्याला हाक मारू नका. हाक मारली, की माणसं नीट चालून दाखवतात. नुसते उठा, दाराआड उभे राहा आणि जरा बघून या, कसं चालतंय ते.