काही न शिकवणारे त्रिंबक मास्तर

त्रिंबक मास्तरांनी जन्मात कुणाला मदत केली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. एकदा नव्या जालन्याच्या बाजारात एक वजनदार शेटजी सांडलेल्या सरकीवरून घसरून पडले. चार माणसं धावली. मास्तरांनी दोन्ही हात पसरून चौघांनाही अडवलं. "हात मागं! त्यांचं त्यांना उठू द्या." मग शेटजींकडे वाकून गोड आवाजात म्हणाले, "घाई न्हाई, शेटजी. आधी एक गुडघा." शेटजी उठले. उठल्यावर ते जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तेसुद्धा त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, म्हणून मास्तर खूश.

मास्तर जाफराबादकडचे. कापसाच्या एका व्यापाऱ्याबरोबर मुनीम म्हणून काठेवाडात गेले होते. तिथं त्यांनी एक बालशाळा पाहिली. छडी नाही, पाढे नाहीत, मूल आपल्या मनानं काम निवडतं आणि मोठी माणसं गप्प बसतात. ही पद्धत म्हणे साता समुद्रांपलीकडून काठेवाडात आली होती. तिथून ती मास्तरांच्या वळकटीत बसून जालन्यात उतरली. मास्तरांनी मुनिमी सोडली, कापसाच्या कारखान्यामागची एक पडकी शेड मागून घेतली आणि दारावर पाटी लावली, 'बालघर'. लोकांना वाटलं, बाळंतिणीची सोय झाली. पहिल्याच आठवड्यात दोघी येऊन चौकशी करून गेल्या.

आमचे हे त्याच कारखान्यात इंजिनाचे फिटर. आम्ही संगमेश्वराकडचे. मला दुसरीतच शाळेतून उठवलेलं, पुढं लग्न होऊन थेट या निजामाच्या मुलखात आले. इथली बोली निम्मी कळायची, आणि जीव सदा टांगणीला. दूध उतू जाईल, कुणी पडेल, कुणी रागावेल. मास्तरांना मुलांपाशी बसायला एक बाई हवी होती.

"शिक्षण किती?" त्यांनी विचारलं.

"दुसरी," मी जमिनीकडं बघत म्हणाले.

"बेस! बिघडायला टाईमच मिळाला न्हाई तुम्हाला."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. माझ्या दुसरीला 'बेस' म्हणणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता, त्यानंतरही नाही.

पद्धत थोर होती यात शंका नाही, फक्त ती काढताना कुणी जालन्याला विचारलं नव्हतं. तिकडं मुलांना बटणं लावायचा सराव देतात. आमच्या निम्म्या मुलांना बटण लावायला सदराच नव्हता. मास्तरांनी बटणं रद्द करून गुरांच्या दाव्याच्या गाठी आणल्या. तिकडं मुलं एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओततात. इथं ऐन उन्हाळ्यात ते सुरू केल्यावर आया रिकाम्या घागरी घेऊन दारात उभ्या राहिल्या. तेव्हापासून मुलं सरकी ओतू लागली.

ठोकळ्यांच्या मनोऱ्याची तर बातच और. लहान होत जाणारे दहा ठोकळे करायला मास्तरांनी गाड्या करणाऱ्या सुताराला सांगितलं. मापं सांगितली बोटांची. सुतारानं धरली वितींची, कारण बोटभर वस्तू त्याच्या हातून कधी झालीच नव्हती. सगळ्यांत मोठा ठोकळा आतून पोकळ, तरी बैलगाडीतून आला आणि दारातून आत गेला नाही. तो अंगणातच राहिला. त्यावर शेळ्या चढून बसायच्या. "बघा बाई," मास्तर म्हणाले, "शेळ्यासुद्धा आपल्या मनानं येऊन राह्यल्या."

रोज एक शांततेचा तास असायचा. शेजारी कारखाना धडधडत असायचा, आणि मुलं डोळे मिटून शांतता ऐकायची. मला ती एकदाही ऐकू आली नाही.

मग सरकारी चिठ्ठी आली. परवानगीवाचून शाळा चालते असं समजलं आहे. साहेब पाहणी करतील, पसंत न पडल्यास कुलूप. माझ्या तोंडचं पाणी पळालं. या मुलांच्या आया दिवसभर कापूस निवडायच्या. बालघर नव्हतं तेव्हा ही पोरं इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यांशेजारी, कापसाच्या ढिगात लोळत असत. कुलूप लागलं की पुन्हा तिथंच.

"मास्तर, एक कविता तरी पाठ करून घ्या," मी हात जोडले.

"साहेबासाठी? पोरं काय माकडं हैत, बाई?"

साहेब आले. शेरवानी, रुमी टोपी, अतिशय अदबशीर माणूस. परतीच्या गाडीला तासभर होता.

"आप क्या पढ़ाते?"

"कुछ नहीं, जनाब."

"फिर बच्चे क्या सीखते?"

"जो उनकी मर्ज़ी."

"और आप क्या करते?"

"मैं बीच में नहीं आता."

साहेबांनी घाम पुसला आणि पाणी मागितलं. मी धावले. "हात मागं, बाई!" गंगी आधीच उठली होती. धनगराची चार वर्षांची पोर, माठाएवढी. तिनं पेला भरला, निघाली, अर्ध्या वाटेत सांडला. मी डोळे मिटले. गंगीनं पेला खाली ठेवला, फडकं आणलं, पुसलं, पिळलं, उन्हात वाळत घातलं, त्याची टोकं सारखी केली आणि पुन्हा माठाकडं गेली. दुसऱ्या खेपेला वाटेत मुंगळा आला. तो जाईपर्यंत ती थांबली. चपराशी पेला घ्यायला पुढं झाला, तर साहेबच म्हणाले, "ठहरो. आने दो उसे." तिकडं स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली. साहेबांनी पेला घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि "शुक्रिया, बेटी" म्हणाले. गाडी गेली होती.

आठ दिवसांनी कागद आला, उर्दूत. सगळे आईबाप जमले. मास्तरांनी वाचून अर्थ सांगितला: 'येथे शाळा नाही. कोणी कोणास शिकवत नाही. काही मुले आपापली कामे करतात. सबब परवानगीचा प्रश्नच येत नाही.'

कुलूप टळलं! एकच गलका झाला. गंगीचा बाप कोंडिबा मास्तरांच्या पायाशी वाकला. "मास्तर, पोरीला लई बराबर शिकिवलं तुमी."

गंगी भडकली. "मास्तर कुटं शिकिवतेत? मी मपल्या मनानं शिकले!"

"ऐकलं का?" मास्तर अक्षरशः नाचले. "ऐकलं का बाई? हेच! बिलकुल हेच!" दिवसभर भेटेल त्याला तेच सांगत सुटले. सुताराला तर दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मुलं गेली. मी झाडून घेत होते. मास्तर दारात कागद घेऊन बसले होते.

"बाई, समदं बराबर लिहिलंय साहेबानं," ते म्हणाले. "माझं नाव कुठंच न्हाई."

"असायला हवं होतं का?"

"छे, छे! माझं नाव आलं म्हंजे माझंच काही तरी चुकलं."  मग त्यांनी कागद उलटा केला आणि त्याची मागची बाजू उजेडाला धरून निरखत राहिले.

मला उर्दू वाचता येत नाही. तरी मी झाडू ठेवला, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांच्याबरोबर ती कोरी बाजू पाहत राहिले.