मालकाची सफरचंदं

आमच्या मंगळवार पेठेतले मारुतीआण्णा दवाखान्यात जाऊन आजाऱ्याची सफरचंदं खायचे. तेही त्याच्याच खाटेवर बसून, त्याच्या डोळ्यांदेखत.

त्यामागं तत्त्व होतं. कारखान्यात कुणाचा हात मशिनीत गेला, की काही मालक सफरचंदं घेऊन भेटायला यायचे आणि अपघात घरी झाला असं सांगायला लावायचे. घरी झाला म्हटलं की भरपाई बुडाली. "त्येचं सफरचंद खाल्लं की माणूस मिंधा हुतोय," आण्णा म्हणायचे. "मग मीच खातो की. मी कुणाचा मिंधा न्हाय."

जन्मभर लेथवर काम करून निवृत्त झालेला हा बिनलग्नाचा माणूस. अपघाताची बातमी त्यांना कुठून लागायची देव जाणे, पण लागली की माझ्या दारात हजर, कारण स्कूटर माझी होती. "मास्तर, काढा गाडी!" मी बँकेतला कारकून, पण हे त्यांना पटवायचा नाद मी कधीच सोडला होता.

नव्वदच्या दशकात उचगावच्या संभाच्या उजव्या हाताची बोटं कारखान्यातल्या प्रेस मशिनीत तुटली. आम्ही पोचलो तेव्हा मालक उशाशी बसले होते आणि डॉक्टर लिहून घेत होते. संभा खाली मान घालून पुटपुटला, "घरच्या कडबाकुट्टीत हात गेला."

आण्णांनी मालकांनी आणलेल्या पिशवीतलं एक सफरचंद उचलून कचकन चावा घेतला.

"म्हशी किती हाईत रं तुझ्याकडं?"

"न्हाईत."

"मग कडबा कुणासाठी कापत हुतास? सासूसाठी?"

सगळा वॉर्ड हसला. संभाची बायको पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग डोळे पुसून डॉक्टरांना म्हणाली, "सायेब, हात कारखान्यात गेलाय. तसंच लिवा." मालक उठले. संभा घाबरून बायकोकडं बघत राहिला, पण नाही म्हणाला नाही.

पुढं कामगार कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. माझ्या किती रजा त्यात गेल्या, याबद्दल आण्णांनी अवाक्षर काढलं नाही. शेवटी भरपाई मिळाली आणि नवरा-बायकोनं गावात पिठाची गिरणी टाकली. मलाही फार बरं वाटलं.

वर्षभरानं संभाच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही उचगावला गेलो. पंगत बसली तरी संभा उगीच इकडंतिकडं करत होता. त्याची बायको हळूच म्हणाली, "बोटं गेल्यापास्नं चारचौघांत जेवत न्हाईत. डाव्या हातानं खायाची लाज वाटतीया."

आण्णांनी संभाला दंडाला धरून शेजारी बसवलं. पान वाढून झालं. आण्णांनी आपला धडधाकट उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं भात कालवायला घेतला.

"आण्णा, डाव्या हातानं?" समोरचं एक म्हातारं पावणं ओरडलं.

"व्हय. तुमचं काय जातंय?"

पहिला घास निम्मा शर्टावर पडला. दुसऱ्याची तीच गत. एरवी मी हसलो असतो. संभा आण्णांकडं नुसता बघत होता. मग त्यानं डावा हात पानात घातला.

त्याची बायको आमटी घेऊन आली होती, ती भांडं धरून तिथंच थांबली.

"वाढ की गं," आण्णा खेकसले, "भात कोरडा पडलाय आमच्या दोघांचा!"